वाफेवरचा आळ

मी भलत्याच बाईला घासलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

अंग घासणं हा माझा धंदाच आहे. योंगदो बेटाच्या चढावर, जहाजांच्या कारखान्यामागे आमचं बायकांचं न्हाणीघर आहे. आत, गरम पाण्याच्या हौदापलीकडे गुलाबी रेक्झिनची दोन बाकडी आहेत, एक माझं आणि एक माझ्या आईचं. बायका कपडे लॉकरमध्ये ठेवतात, किल्लीचं कडं पायात अडकवतात आणि हौदात भिजत पडतात. ज्यांना घासून घ्यायचं असेल त्या आम्हाला नंबर सांगून ठेवतात. पाळी आली की आम्ही ओरडतो, "सत्तावीस!", आणि सत्तावीस नंबरची बाई येऊन आडवी होते. हिरव्या खरखरीत मोज्यानं मानेपासून टाचेपर्यंत मळ काढायचा, कमरेवर दोन थापा मारल्या की तिनं कूस बदलायची. काळी चोळी आणि काळी चड्डी हा आमचा गणवेश. बाकी सगळ्या उघड्याच.

त्या दिवशी सत्तावीसला दोनदा हाक मारली, कुणी उठलं नाही. मी आधीच घाईची बाई. हौदाच्या काठाशी वाकले, वाफेतून एका पायातलं कडं मला सत्तावीससारखं वाटलं, आणि त्या पायाच्या म्हातारीला मी हाताला धरून घेऊन आले. ती एकवीस होती. कानानं बहिरी. तिनं घासायला सांगितलंच नव्हतं, आणि तिच्या पाठीवरची नागीण महिन्यापूर्वीच कुठे सुकली होती. माझ्या मोज्यानं ती कोवळी कातडी सोलून निघाली. रक्त आलं तेही मला दिसलं नाही. हौदातली एक बाई किंचाळली तेव्हा कळलं.

म्हातारीला विचारलं, आजी, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाली, "इतक्या मायेनं हाताला धरून कुणी बोलावलं नव्हतं गं. म्हटलं, जावं."

तिची मुलगी मात्र एवढी मायाळू नव्हती. तिनं मालकिणीला तासभर धारेवर धरलं. ती गेल्यावर ग्वाकबाईंनी, म्हणजे आमच्या मालकिणीनं, मला बाहेर टीव्हीपाशी बोलावलं.

"बोराम, सोल्लालच्या आधी डोळ्यांचं काहीतरी कर. जुन्या वर्षाचा मळ घेऊन नव्या वर्षात कुणी जात नाही, त्या चार दिवसांत अख्खं योंगदो माझ्या दारात असतं. तेव्हा असं काही झालं तर बाकडं दुसरीला देईन. ओकबुनची मुलगी आहेस म्हणून एवढं तरी सांगतेय."

ओकबुन म्हणजे माझी आई.

बाहेर बायका केळ्याचं दूध पीत बसल्या होत्या, त्यांना विषय मिळाला. "घराण्याचीच रीत आहे!" एक म्हणाली. "आईनं परक्या पोरीला घासलं, लेकीनं परक्या आजीला!" सगळ्या खदखदून हसल्या. हा किस्सा आमच्या चढावर सगळ्यांना पाठ आहे. मी सात वर्षांची असताना आईनं मला घासायला म्हणून जी पोरगी पकडली, ती माझ्याऐवजी शेजारच्या मासेवाल्या पेबाईंची ह्येरिम निघाली. आईला तेव्हा चष्मा होता, पण न्हाणीघरात तो चालत नाही. ह्येरिम गळा काढून रडतेय आणि आई म्हणतेय, "गप, रोजचीच नाटकं तुझी!" आणि मी शेजारी उभी, तोंडावर हात दाबून, आज आपण सुटलो म्हणून खूश. हा किस्सा मीच शंभरदा रंगवून सांगितलाय. आई मात्र त्याला कधी हसत नाही. आजही ती मोजे पिळत राहिली.

माझ्या डोळ्यांचा नंबर उणे नऊ. आठव्या वर्षी चष्मा लागला, एकोणिसाव्या वर्षी न्हाणीघरात आले तेव्हापासून कॉन्टॅक्ट लेन्स. चौदा वर्षं रोज सकाळी डोळ्यांत बोट घालायचं, रोज संध्याकाळी डोळ्यांतून बोटानं लेन्स काढायची, आणि मधल्या वेळात वाफ, साबण, बायकांच्या अंगावरून उडणारं पाणी. गेल्या पानगळीत उजवा डोळा लाल झाला तो तीन आठवडे उघडेना. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यातले जंतू लेन्सखाली जाऊन बसतात, यावेळी वाचलात, पुन्हा लेन्स घालून न्हाणीघरात गेलात तर डोळा जाईल. मग मी चष्मा लावून पाहिला. दोन मिनिटांत पांढरा. नंबरचा पोहण्याचा चष्मा करून आणला, तोही पाच मिनिटांत पांढरा, आणि वर बायका विचारायच्या, "मावशी, आज समुद्राच्या तळाशी का?" उघड्या अंगानं पडलेल्या बाईवर असला चष्मा घालून वाकलं की ती आक्रसते. शेवटी नुसत्या डोळ्यांनी काम करू लागले आणि एकवीस-सत्तावीसचा घोटाळा झाला.

लेझर हा एकच रस्ता होता. आमच्याकडे बारावीची परीक्षा झाली की पोरं रांगा लावून करून घेतात, केस कापून घ्यावेत तशी. मी एवढी वर्षं का थांबले? भीती. दुसरं काही नाही. डोळे मिटता येत नाहीत म्हणे, आणि जळल्याचा वास येतो म्हणे, आणि तो वास आपल्याच डोळ्याचा असतो.

पण भीतीपेक्षाही आई अवघड होती.

आईच्या दोन्ही बुबुळांवर पांढरे ठिपके आहेत, खिडकीवर बर्फाचे कण बसावेत तसे. आता ते एकमेकांत मिसळत चाललेत. वाफेनं असं झालं, हे ती सगळ्यांना सांगते आणि सगळे मानतात. हौदापाशी जास्त वेळ बसलेल्या पोरींना बायका दटावतात, "ऊठ, ओकबुनसारखे डोळे होतील." तेव्हा मला वाटलं होतं, मी लेझर करणार म्हटल्यावर आई तरी खूश होईल.

"नको," ती म्हणाली. आम्ही जेवत होतो.

"का?"

"डोळा काय कोळंबी आहे सोलायला?"

"अगं, बाकडं जाईल माझं."

"जाऊ दे. माशांच्या कारखान्यात लाग. तिथे थंड असतं."

"तेहेतीस वर्षांची आहे मी. तुझी परवानगी नाही मागत, सांगतेय."

"मग सांगतेस तरी कशाला? जा, सोलून ये."

आणि ताट सरकवून उठली. पुढचे दहा दिवस तिनं मला छळलं. कुणाच्या तरी भाचीचा डोळा कोरडा पडला, कुणाचा तरी जावई रात्री दिव्यांभोवती कडी बघतो, असल्या बातम्या तिला कुठून मिळत होत्या देव जाणे. फ्रिजवर लावलेली तारखेची चिठ्ठी नाहीशी झाली. ती मला किमचीच्या डब्याखाली सापडली, लाल पाण्यात भिजलेली. मी भडकले. "खरं कारण सांग, नाहीतर तोंड बंद ठेव." तिनं तोंड बंद ठेवलं.

सोल्लालच्या आधीच्या गुरुवारी मी गेले. दोन्ही बाकडी आई सांभाळणार होती. निघताना तिनं वर पाहिलं नाही.

पुलापलीकडे शहरात, सोम्यॉनच्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता. तिथं सगळं एका दिवसात होतं, सकाळी तपासणी आणि दुपारी लेझर. मला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रावर बसवत गेले. हनुवटी ठेवा, लांबचा फुगा बघा, मिटू नका. मला कुठं एका जागी बसवत नाही, आणि इथं पापणीही हलवायची नाही. तासाभरात मी घामानं भिजले. शेवटी डॉक्टर नाम नावाच्या बाईंसमोर बसवलं. माझ्याहून लहान असतील. आवाज मऊ, पण बोलणं सरळ.

"बुबुळाची जाडी चांगली आहे. डोळ्याच्या आत भिंग बसवतात ती पद्धत तुम्हाला चालणार नाही, आत जागा कमी आहे. म्हणजे लेझरच. फक्त उजव्या बुबुळावर दोन पांढरे ठिपके दिसतात."

"पानगळीत डोळा आला होता."

"त्याचेच वण असतील. तरी एक तपासणी सगळ्यांची करतो. आपल्या लोकांत हजारात एखाद्याच्या रक्तात एक दोष असतो, आईबापाकडून आलेला. एरवी त्रास उशिरा होतो. पण अशा डोळ्याला लेझर लागला की काही वर्षांत बुबुळावर पांढरं साचत जातं, आणि ते थांबवता येत नाही. घरात कुणाच्या डोळ्यांत पांढरे ठिपके?"

"आईच्या आहेत. पण ते वाफेनं झालेत."

डॉक्टर नाम लिहायच्या थांबल्या. "वाफेनं असं होत नाही."

"तुम्ही आमच्या न्हाणीघरात आला नाहीत कधी."

त्या हसल्या नाहीत. "आईंनी कधी लेझर केलं होतं?"

"आईनं? ती दात काढायलासुद्धा जात नाही."

एका मुलीनं माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवला. दोन तासांत कळेल म्हणाली, तोवर हा कागद वाचून सही करून ठेवा.

मग ते दोन तास.

बसायची जागा विमानतळासारखी होती. मालिश करणाऱ्या खुर्च्या, फुकट कॉफी, नुकती परीक्षा दिलेली पोरं आणि त्यांच्या आया. एका भिंतीला काच होती आणि पलीकडे खरोखरचं लेझर चालू होतं. घरच्यांनी बघावं म्हणून वर पडद्यावर तो डोळा ताटाएवढा मोठा करून दाखवत होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला घट्ट धरायला एक कापसाचं अस्वल देत होते. मी एकदा त्या पडद्याकडे पाहिलं आणि उठून पाणी प्यायला गेले. परत आले, बसले, पुन्हा उठले. मालिशच्या खुर्चीत बसले तर तिनं मलाच घासायला सुरुवात केली, आणि तेही चुकीचं. खांद्यावरून आधी खाली यायचं असतं. उठले.

सही केली. मग वाटलं, घाई केली. कागद परत मागितला. त्या मुलीनं दिला, मी पुन्हा वाचला, काही शिरलं नाही, परत दिला. पाच मिनिटांनी पुन्हा मागितला तेव्हा ती हसली. "इथं सगळ्यांचं असंच होतं," म्हणाली.

मला हवं काय होतं? एवढंच, की हौदाच्या काठावर उभं राहून पलीकडची बाई कोण आहे ते दिसावं. सकाळी उठल्यावर डोळ्यांत बोट न घालता घड्याळ दिसावं. कुणाच्याही पाठीवरचं रक्त मला आधी दिसावं. हे एवढं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आईचं ते सरकवलेलं ताट. आणि आता डॉक्टर नामचं वाक्य मध्येच येऊन बसलं होतं, वाफेनं असं होत नाही. मग कशानं होतं? आईनं लेझर केलं नाही, तेव्हा तिचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला दहादा सांगितलं. वय झालं की होत असेल. साबणानं होत असेल. मी लिफ्टपाशी जाऊन दोनदा बटण दाबलं आणि लिफ्ट आल्यावर परत फिरले. मला स्वतःचाच राग येत होता.

बाराला काही मिनिटं असताना त्यांनी माझं नाव पुकारलं. मुलीनं अस्वल पुढे केलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.

"निघालं आहे," डॉक्टर नाम म्हणाल्या. "तो दोष आहे तुमच्यात. लेझर करता येणार नाही. आज नाही, कधीच नाही, आणि दुसऱ्या कुणी करतो म्हटलं तरी करू नका. तुमचे डोळे आत्ता चांगले आहेत. उन्हात काळा चष्मा लावा, वर्षातून एकदा दाखवा, म्हातारपणापर्यंत नीट चालतील."

"आणि न्हाणीघरात?"

त्या एवढंच म्हणाल्या, "आईंना घेऊन या एकदा. बहुधा त्यांच्याकडूनच आलंय."

मी कागदाची घडी करून कोटाच्या खिशात कोंबली. रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा काहीतरी फेकावंसं जास्त वाटत होतं. चौदा वर्षं लेन्स, पंचवीस वर्षं चष्मा, महत्प्रयासानं गोळा केलेली एवढीशी हिंमत, आणि शेवटी मी निघाले हजारातली एक. सोल्लालला पाच दिवस उरले होते. कोट नीट घातलाही नाही, लिफ्टकडे निघाले.

लिफ्टचं दार उघडलं आणि आत आई उभी होती.

डोक्याला ओला टॉवेल. पायात न्हाणीघराच्या गुलाबी चपला. अंगात ग्वाकबाईंचा जाड कोट गळ्यापर्यंत बंद केलेला, आणि त्याच्या आत काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. सोल्लालच्या आधीच्या गुरुवारी भर दुपारी दोन्ही बाकडी उघडी टाकून ती चड्डी-चोळीवर टॅक्सीनं सोम्यॉनला आली होती. लिफ्टचे आकडे दिसेनात म्हणून प्रत्येक मजल्यावर उतरत आली होती. चौथ्यावर दातवाले भेटले, सातव्यावर नाक सरळ करणारे.

"बोराम?" माझ्या दिशेला बघत ती म्हणाली. "तूच ना? झालं का? उशीर झाला का मला?" आणि माझ्या तोंडावरून हात फिरवायला लागली, पट्ट्या आहेत का बघायला.

"नाही झालं."

"मग चल. चल इथून."

"आई, ऐक..."

"तू ऐक. मधे बोलू नको, नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही." तिनं माझी बाही घट्ट धरली. "मी केलंय हे."

"काय केलंयस?"

"लेझर. सव्वीस वर्षांपूर्वी. तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं. नामहे गावी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि आठ दिवस तिच्याकडे डोळे झाकून पडले. चष्मा पडून फुटला म्हटलं होतं ना मी? फुटला नव्हता. टाकून दिला."

माझ्या खिशातला कागद मला कापडातून टोचत होता.

"डॉक्टरनं सांगितलं होतं, महिनाभर न्हाणीघरात पाऊल टाकायचं नाही. पण तेव्हाचे मालक बाकडं दुसरीला देतो म्हणाले. नवव्या दिवशी गेले. दोन वर्षं सगळं लख्ख दिसलं. तू झोपलीस की मी तुझ्या पापण्या मोजायचे. मग बर्फ पडायला लागलं डोळ्यांत. परत गेले नाही कुणाकडे. काय तोंडानं जाणार? सांगितलेलं ऐकलं नाही, माझं मी केलं. लोकांना म्हटलं, वाफेनं झालं." ती थांबली. "तुलाही तसंच व्हायचं. तूसुद्धा थांबणार नाहीस महिनाभर. सोल्लाल आहे, बाकडं आहे, तू तर दोन दिवसांत पाण्यात उतरशील. ओळखते मी तुला."

आणि हे खरं होतं. मी चौथ्या दिवशी जाणार होते, तसं ठरवूनच आले होते.

"पण तू केलंस कशाला?" मी विचारलं. "तुला कधी साधी लिपस्टिक लावलेली पाहिली नाही मी."

तिनं डोक्यावरचा टॉवेल आणखी आवळला.

"त्या दिवशी मी ह्येरिमला घासलं ना. सगळे हसले. तूही हसलीस. ती जीव तोडून ओरडत होती आणि मी म्हणत होते, नाटकं नको. तू हातभर अंतरावर उभी होतीस, बोराम. हातभर. आणि मला माझं पोर ओळखू आलं नाही."

लिफ्ट आली आणि दोन मुली बाहेर पडून आमच्याकडे बघत गेल्या. शंभरदा रंगवून सांगितलेला तो किस्सा मला त्या क्षणी तोंडातून परत ओढून घ्यावासा वाटला. मी आईला धरून भिंतीजवळच्या बाकावर बसवलं.

गप्प बसले असते तर चाललं असतं. तिच्यामुळे मी वाचले असं तिला आयुष्यभर वाटलं असतं. पण तो नववा दिवस तिच्याजवळ राहिला असता, आणि तो मला तिच्याजवळ ठेवायचा नव्हता.

"आई, नवव्या दिवसामुळे झालं नाही ते."

"तुला काय माहीत?"

"त्यांनी तपासलं आज. रक्तात असतं आपल्या. तुझ्याही आणि माझ्याही. अशा डोळ्याला लेझर लागला की पांढरं साचतंच. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, तुझ्या डॉक्टरलाही नव्हतं. माझं करत नाहीयेत ते. मी बाहेरच निघाले होते."

"महिनाभर घरी बसले असते तरी?"

"तरी."

"आणि वर्षभर?"

"जन्मभर बसली असतीस तरी."

तिनं पायातल्या गुलाबी चपलांकडे पाहिलं. मग एकदम हसली, आणि ते हसणं मध्येच फाटलं. "सव्वीस वर्षं मी त्या दिवसाला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "तो मंगळवार होता. मंगळवारी मी केससुद्धा धूत नाही." तिनं टॉवेलच्या टोकानं नाक पुसलं आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे माझ्याकडून आलं तुला."

"आणि तुला आजीकडून. सोल्लालच्या पितरांच्या पूजेला बस आजीच्या ताटासमोर आणि भांड तिच्याशी."

"भांडेनच," आई म्हणाली. "नासपती ठेवणार नाही तिला यंदा."

टॅक्सीत ती माझा हात धरून बसली होती. पुलावर आल्यावर म्हणाली, "मग आता बाकड्याचं काय?"

"जाईल."

"जाईल कशाला? माझं गेलं का?"

ग्वाकबाईंना मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी च्च-च्च केलं, आईला कोटाबद्दल दोन शब्द सुनावले आणि म्हणाल्या, "चार दिवस बघते. पण पुन्हा रक्त आलं तर मला सांगायला येऊ नका."

शुक्रवारी सकाळी, बायका यायच्या आधी, आईनं मला तिच्या बाकड्याशी उभं केलं. ती आपल्या गिऱ्हाइकांच्या किल्ल्या आधीच काढून घेते आणि शेजारच्या खिळ्यांवर ओळीनं लटकवते. मला वाटायचं, ही तिची शिस्त. तिनं एक किल्ली माझ्या हातात दिली. कड्याच्या पितळी पट्टीवर नंबर ठोकलेला होता.

"अंगठा फिरव."

"चौदा?"

"चौतीस. परत."

"तू नंबर बघत नाहीस?"

"पंधरा वर्षं झाली." तिनं माझा मोजा हिसकावून घेतला. "आणि हा लगेच चढवायचा नाही. आधी रिकामा हात. मानेपासून खाली, सगळी पाठ विचारून घ्यायची. कुठं दुखतंय, कुठं कातडी कोवळी आहे, कुठं मूल होताना टाके घातलेत, सगळं सांगते पाठ. तू घाई करतेस. लहानपणापासून घाई."

घाई न करणं मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. पहिल्या दिवशी माझ्या बाकड्यापाशी रांग लागली आणि बायका कुरकुरल्या. दुसऱ्या दिवशी एका बाईच्या खांद्याखाली मला आवळ्याएवढी गाठ लागली, तिला सांगितलं, तिनं कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गाठवाली बाई दवाखान्यात जाऊन आली, साधी चरबीची निघाली, आणि येताना तिनं आपल्या दोन्ही जावा माझ्याकडे आणल्या. तरी माझा जीव टांगणीलाच होता. प्रत्येक किल्ली मी दोनदा चाचपायचे, प्रत्येक पाठीला विचारताना वाटायचं, हिचं काही राहिलं तर?

वर्षाच्या शेवटच्या दिवशी चारच्या सुमाराला गर्दी एवढी होती की हौदातलं पाणी काठावरून वाहत होतं. पाण्याचा आवाज, पोरांची रडारड, बादल्या. माझ्या खिळ्यावरची पुढची किल्ली काढली, अंगठा फिरवला.

"एक्केचाळीस!"

वाफेतून एक बाई आली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, तोंड दुसरीकडे. एक शब्द न बोलता पालथी पडली. मी मोजा बाजूला ठेवला आणि रिकामा हात मानेखाली टेकवला.

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली सुपारीएवढी गाठ होती, रोज शेकडो वेळा वाकून झालेली. माझ्याही तिथं आता तशीच होतेय. कमरेला भाजल्याचा डाग, न्हाणीघरात येण्याआधी आई कारखान्यात होती तेव्हाचा. हात पुढे सरकलाच नाही. शेजारचं बाकडं केव्हापासून गप्प होतं, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

मी तिच्या पाठीवर कोमट पाणी ओतलं आणि मोजा चढवला. खांद्यावरून सुरुवात केली.

मागून ग्वाकबाईंचा आवाज आला. "नव्या वर्षाचे मोजे मागवतेय. बोराम, तुझे किती?"

"वीस," मी म्हणाले.

"चाळीस सांग," एक्केचाळीस नंबर बाकड्यात तोंड खुपसून म्हणाली. "फार झिजवते ती."

ग्वाकबाई गेल्या. मी घासत राहिले. काही वेळानं आई हळूच म्हणाली, "कसं ओळखलंस?"

"गप्प होतीस ना. सव्वीस वर्षं गप्प बसणारी या चढावर दुसरी कोण आहे?"

तिची पाठ हलली. हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

"मला तू ओळखू आली नव्हतीस," ती म्हणाली. "हातभर अंतरावर होतीस."

"माहितीये." मी तिच्या कमरेवर दोन थापा मारल्या. "आता वळ. बायका खोळंबल्यात."